एका खुंटीवरचा उन्हाळा

खोली बघायला गेले तेव्हा बाईंनी मला आडनाव विचारलं नाही. त्याआधी औंढ्यात दोन-तीन घरं पाहून झाली होती. पाणी कधी येतं, भाडं किती, पाहुणे चालतील का, सगळं बोलणं गोडीत व्हायचं आणि आडनावाशी आलं की घरमालकिणीला एकदम आठवायचं, ही खोली तर पुतण्यासाठी ठेवलीय. तांड्यावरची मुलगी दारात उभी राहिली की गावात फार पुतणे निघतात. त्यामुळे या दारात मी उत्तर तोंडात तयार ठेवून, थोडी रागातच उभी होते.

बाई ओट्यावर सुपात शेंगा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बॅगेकडे.

“काय हाय त्यात?”

“कपडे.”

“दाखव.”

मला वाटलं, हा काहीतरी नवाच अपमान आहे. पण मी काही बोलायच्या आत बाईंनी चेन ओढली आणि माझा सगळा संसार भर रस्त्यावरच्या ओट्यावर मांडला. त्याचे दोन ढीग केले. एका ढिगात माझ्या जीन्स, लेगिंग, चकचकीत कुर्ते आणि नोकरी लागली म्हणून हिंगोलीच्या दुकानातून हौसेनं घेतलेला जांभळा टॉप. दुसऱ्या ढिगात एक पंचा आणि आजीनं दिलेली गोधडी.

“एवढं कामाचं हाय,” गोधडीवर हात ठेवून त्या म्हणाल्या. “बाकीचं घालून उन्हाळा काढशील तर लई तकलीफ व्हईल. जा, खोली बघून घे. खिडकीतून वारं येतं.”

अशी मला खोली मिळाली. सामान परत भरताना मी मनात त्यांना वेडी ठरवून टाकलं होतं, आणि गावाचंही मत फारसं वेगळं नव्हतं.

बाई साठी ओलांडलेल्या, सडपातळ, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. अंगात नेहमी कमरेपर्यंतचा सुती सदरा, आणि खाली ती प्यांट. त्या प्यांटीमुळेच त्या गावभर माहीत होत्या. उशीचे दोन अभ्रे एकमेकांना जोडावेत तशी सरळ, रुंद, घोट्याच्या वर दोन बोटं थांबणारी. नागनाथाच्या गल्लीतून त्या भाजी आणायला निघाल्या की त्यांच्या पायांभोवती कापड हेलकावे खायचं आणि बायका खिडकीतून बघायच्या. कोणी पायजमा म्हटलं की त्यांना राग यायचा. पायजमा झोपायला असतो, ही बाहेर घालायची प्यांट आहे, दिसत न्हाई का, असं त्या उभ्या उभ्या ऐकवायच्या. मग खिसे दाखवायच्या. दोन्ही बाजूंना कोपरापर्यंत हात जाईल असे खिसे होते आणि त्यात चष्म्यापासून कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत काहीही असायचं.

त्यांची सगळी नोकरी शाळामास्तरीण म्हणून, पत्र्याच्या वर्गात गेली होती. ती सगळी नायलॉनच्या साड्यांत. नायलॉनची साडी धुवायला सोपी, इस्त्री लागत नाही, म्हणून त्या काळी सगळ्याच बाई लोकांनी ती घेतली. “पोरं म्हणायची, बाई लई चिडक्या हायेत,” त्या सांगायच्या. “मी काहून चिडकी आसंन? मला गरम व्हायचं.” निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी जुन्या कपड्यांवर भांडी देणारीला घरात बोलावलं आणि कपाट रिकामं केलं. स्वयंपाकघरातली एक पूर्ण फळी त्या साड्यांची होती. मला चहा देताना त्या पातेलं उंचावून ओळख करून द्यायच्या. हे पातेलं म्हणजे झेंडावंदनाची साडी. ही किटली म्हणजे भावजयीनं दिलेली गुलाबी. “आता बघ,” म्हणायच्या, “गरम व्हायचं ते पातेलं व्हतं, मी न्हाई.”

त्यांच्या खोलीत भिंतीला कपाट नव्हतं, खुंट्या होत्या. एक खुंटी हिवाळ्याची, एक पावसाळ्याची, एक उन्हाळ्याची. उन्हाळा एका खुंटीवर मावला पाहिजे, असा त्यांचा नियम होता. दोन रुंद प्यांटी, एक कोऱ्या कापडाची आणि एक राखाडी. तीन आखूड सदरे. वरून घालायला पूर्ण बाह्यांचा एक शर्ट, तो बटनं न लावता. एक मलमलची ओढणी, भिजवून डोक्यावर घ्यायला. याच्यापेक्षा जास्त कपडे ज्याच्याकडे आहेत तो माणूस रोज सकाळी विचार करत बसतो आणि तेवढ्यात ऊन चढतं, असं त्यांचं म्हणणं. आणि ही वस्त्रं अशी की कुठलंही वरचं कुठल्याही खालच्यावर चाललं पाहिजे. खाली सैल तर वर नेटकं. दोन्हीकडे सैल घातलं तर माणूस सापडत नाही, दोन्हीकडे घट्ट घातलं तर माणसाला श्वास सापडत नाही.

कापड घ्यायची त्यांची रीत तर मी जन्मात विसरणार नाही. बाजारात दुकानदारानं ठाण उलगडलं की त्या कापडाचं एक टोक तोंडासमोर धरायच्या आणि त्यातून दुकानदाराच्या चेहऱ्यावर जोरात फुंकर मारायच्या. “लागली का?” तो लागली म्हणाला तर कापड चांगलं. हुशार दुकानदार कुठल्याही कापडाला लागली म्हणायचे, म्हणून पुढे पुढे त्या शेजारच्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर फुंकायला लागल्या. मी सोबत असले की माझ्या तोंडावर. एकदा एका लग्नाच्या बस्त्याच्या गर्दीत त्यांनी नवऱ्या मुलाच्या मामावर फुंकर मारली. मामा काही म्हणेना. बाईंनी पुन्हा मारली. मग मामा म्हणाले, “लागून राहिली ताई, पण तुमी कोन?”

श्रावणात आणि शिवरात्रीला गावात दर्शनाला माणसांची रीघ लागते. बाईंचा ओटा रस्त्यावरच. घामानं निथळत, मांड्यांना चिकटलेल्या जीन्समध्ये रांगेकडे निघालेल्या पोरींना त्या हाक मारून थांबवायच्या. पाणी द्यायच्या आणि पाण्याबरोबर व्याख्यान. त्यातल्या निम्म्या हसून पुढे जायच्या. पण नांदेडची एक कॉलेजातली मुलगी पुढच्या महिन्यात खास परत आली आणि प्यांटीचा कागदी नमुना कापून घेऊन गेली. बाईंनी तो नमुना देताना तिला एवढंच सांगितलं, “आणखी चौघींना दे. मी पैसे घेत न्हाई, पण एकटी वापरशील तर राग यील.”

अशा माणसाच्या घरात राहणं सोपं नव्हतं हेही सांगितलं पाहिजे. एक दिवस मी ऑफिसातून आले तर माझी आवडती निळी जीन्स खुंटीवर नव्हती. स्वयंपाकघरात कांदे भरलेली एक नवीन पिशवी टांगलेली होती. निळी. खिशासकट. मी जेवढी भांडले, तेवढी घरी सख्ख्या बहिणीशीही कधी भांडले नव्हते. दोन दिवस बोलले नाही. बाईंना त्याचं काहीच नाही. त्या माझ्यासमोर पिशवी उचलून दाखवायच्या. “बराबर झाली का न्हाई? कांद्याला हवा लागत न्हाई यात, हेच वाईट.”

आता माझ्या नोकरीचं सांगते, कारण बाईंचा खरा उपयोग मला तिथे झाला. मी मोजणी खात्यात. शेताची हद्द कुठून कुठे जाते, ते मोजून दाखवणं हे माझं काम. आणि मोजणीचा हंगाम म्हणजे उन्हाळा. तूर, कापूस, हळद सगळं निघून रान मोकळं होतं तेव्हाच बांध दिसतो, खुणेचा दगड सापडतो. म्हणजे जिल्ह्यातली शहाणी माणसं जेव्हा सावलीला बसतात तेव्हा आमची फौज काठीवरचं यंत्र घेऊन उघड्या रानात उतरते. आमच्या तांड्यातून या कामात गेलेली मी पहिली मुलगी. दोन भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि मी ज्या ठिकाणी खूण करते ती दोघं मान्य करतात, याची मला किती नशा चढली होती हे कुणाला कळणार नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात शिरड शहापूरच्या बाजूला एका शेतात मी पडले. अंगात एक घट्ट जीन्स आणि तो जांभळा टॉप. बांधावर चढले, पलीकडचं रान एकदम पांढरं दिसायला लागलं आणि मग डोळे उघडले ते लिंबाखाली, शेतकऱ्याच्या बायकोनं डोक्यावर कळशी ओतल्यावर. आमचे साहेब भला माणूस. ते म्हणाले, पुन्हा असं झालं तर तुला टेबलावर बसवावं लागेल. टेबलावर म्हणजे अर्ज घ्यायचे, शिक्के मारायचे. एकदा टेबलावर बसलेली बाई आमच्याकडे पुन्हा रानात गेलेली मी पाहिली नाही. मी घरी काही कळवलं नाही, पण ऑफिसातल्या कुणीतरी तिकडे फोन केला होता, ते मला नंतर कळलं.

संध्याकाळी बाईंनी माझं तोंड पाहिलं आणि काय झालं ते विचारलंच नाही. “काय घातलं व्हतं?” एवढंच विचारलं. मी अंगावरचं दाखवलं. त्या उठल्या, मागच्या खोलीतून कोऱ्या मांजरपाटाचा तागा काढला आणि माझ्या कमरेला टेप लावली. कापडावर खडूनं एक रेघ ओढली आणि मध्येच थांबल्या.

“तुमच्या तांड्यात म्हाताऱ्या बाया घेराचा घागरा घालतात ना? काय म्हंतात त्याला?”

“फेटिया.” मला ते सांगायला आवडलं नव्हतं. कॉलेजात असताना मी आजीला वसतिगृहावर येऊ दिलं नव्हतं ते त्या फेटियापायीच.

“त्यात गरम व्हतं का, इचार बरं.”

मी तिथेच आजीला फोन लावला. आजीला वाटलं मी थट्टा करतेय. मग म्हणाली, जड आहे बाई, आरसे आहेत, पण चालायला लागलं की आतून वारं खेळतं. उभं राहिलं की गरम, चाललं की गार. म्हणून तर आमच्या आज्या बैलांच्या मागे एवढ्या चालल्या. आमच्या बोलीतलं ते सगळं मी मराठीत करून सांगितलं तशी बाईंनी पुन्हा खडू घेतला आणि आधीची रेघ पुसली. त्यांच्या स्वतःच्या प्यांटी कमरेपासून खालपर्यंत सारख्या रुंद होत्या. माझ्या प्यांटीचा घेर त्यांनी मांडीच्या मध्यापासून उघडत नेला. “मी बसणारी,” म्हणाल्या. “तू चालणारी. तुझा कट तुझ्या आजीचाच पाह्यजे.” मला आजवर कुणी एवढ्या साध्या आवाजात एवढं मोठं काही दिलेलं नाही.

पहिला प्रयत्न फसला, हेही सांगते. रानात दुपारी वारं सुटलं आणि प्यांट छत्रीसारखी वर आली. शिपाई दुसरीकडे बघत उभा राहिला, मी दोन्ही हातांनी प्यांट धरून आणि यंत्र एकटं. बाईंना सांगितलं तर त्यांनी वारंगा फाट्यावरच्या एका गॅरेजमधून लोखंडी वॉशर मागवले आणि ते खालच्या दुमडीत शिवून टाकले. प्यांट खाली राहिली. पण मी चालले की खुळखुळ आवाज व्हायचा आणि एका वस्तीवरची दोन वासरं माझ्यामागून निघाली. त्यांना वाटलं असेल गाय चाललीय. शेवटी बाईंनी वॉशर काढले आणि त्याच कापडाची रुंद दुहेरी दुमड घातली. तेवढं वजन पुरलं. कुसळं अडकतात म्हणून आतली बाजू गुळगुळीत केली. वॉशर अजून त्यांच्या शिवणाच्या डब्यात आहेत. टाकून देत नाहीत, कधीतरी उपयोग होईल म्हणतात.

गावोगावच्या बायका हसायच्या. “मॅडम, बाप्याचा पायजमा घातला काय?” असं विचारायच्या आणि मग कापड चिमटीत धरून बघायच्या. एका गावात मोजणी संपेपर्यंत तीन जणींनी मला बाजेवर बसवून शिलाई उलटी करून पाहिली. मी चिडले नाही. खरं म्हणजे त्या उन्हाळ्यात मला चिडायचं कारणच कमी झालं. तेव्हा मला बाईंच्या वर्गातली ती चिडकेपणाची गोष्ट पटली.

आता माझी बदली कळमनुरीला झाली आहे. बाई आहेत, तिथेच आहेत, ओट्यावर. नजर मंदावली आहे. कापड बघून नाही, गालाला लावून ओळखतात. मी महिन्यातून एकदा जाते आणि दर वेळी त्या माझ्या कमरेभोवती हात घालून नाडी कुठे बांधली आहे ते तपासतात. रुंद प्यांटीची आता फॅशन आली आहे. हिंगोलीच्या दुकानांत पुतळ्यांच्या अंगावर त्याच दिसतात. मी बाईंना हे सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “सुती हाय का?” नाही म्हटल्यावर त्यांचा त्या फॅशनमधला रस संपला. त्या बाईंचं मी देणं लागते, आणि ते नुसत्या उन्हाळ्याचं नाही.

कारण त्या पहिल्या उन्हाळ्यात मी शेतात पडले, त्यानंतर चार-पाच दिवसांनी माझे वडील आले. आम्ही त्यांना बापू म्हणतो. पोरीच्या घरमालकिणीकडे जायचं म्हणून त्यांनी ठेवणीतला टेरीकॉटचा शर्ट आणि तपकिरी प्यांट घातली होती आणि ते घामानं चिंब झाले होते. पाणी प्यायले आणि म्हणाले, सामान भर, आपण घरी जाऊ. आवाज चढवला नाही. बापू आवाज चढवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नाही. मी म्हणाले, माझी नोकरी आहे. ते म्हणाले, व्हय, पण तू आधी. नोकरी मंग.

बाई शेजारी बसून सगळं ऐकत होत्या. “भाऊ,” त्या म्हणाल्या, “पोरगी बरी हाय आता. तुमी एवढं काहून घाबरता?”

बापूंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग त्यांनी बाईंना जे सांगितलं ते मला आजवर नीट कुणी सांगितलं नव्हतं. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, ऊसतोडीला त्यांच्याबरोबर गेली होती. एका दुपारी मोळी उचलून चालता चालता फडातच पडली, ती पुन्हा उठली नाही. आत्या आजारानं गेली एवढंच आम्हाला माहीत. “ऊनच व्हतं ते,” बापू म्हणाले. “मी जवळ व्हतो. मला वाटलं, बसली थकून.”

कुणीही दुसरं असतं तर गप्प राहिलं असतं, किंवा देवाची मर्जी म्हटलं असतं. बाईंनी विचारलं, “काय घातलं व्हतं तिनं?”

मला वाटलं जमीन फाटावी. मी बाईंचा हात दाबला. पण बापूंना राग आला नाही. त्यांनी आठवून उत्तर दिलं. मला वाटतं एवढ्या वर्षांत कुणी त्यांना तिच्याबद्दल काही विचारलंच नव्हतं.

“नायलानची साडी. आन् वरून शर्ट. माझा जुना. टेरीकॉटचा. उसाचं पान कापतं म्हनून मीच दिलता.” मग ते हळू म्हणाले, “गळ्यापस्तोर बटनं लावून दिलते.”

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना रडताना मी तेवढं एकदाच पाहिलं. “पान कापतंच भाऊ,” त्या म्हणाल्या. “तुमी तिला झाकलं. भावानं तेच केलं पाह्यजे. त्या वक्ती कुनाला म्हाईत व्हतं? मीबी तेच घालून शिकवत व्हते.” मी उठून भाकरी टाकायला गेले.

रात्री झोपायच्या आधी बाईंनी अट घातली. उद्या एक दिवस तुम्ही पोरीबरोबर रानात जा. ती जे घालते ते घाला. दिवसभर चाला. संध्याकाळी तुम्हाला तिला न्यावंसं वाटलं तर मी स्वतः तिची बॅग भरते. बापू कसंनुसं हसले. बाईमाणसाची प्यांट घालून गावात फिरणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. ते म्हणाले, बघू सकाळी. सकाळी ते उठले तर दोरीवरची त्यांची तपकिरी प्यांट बाईंनी साबणाच्या पाण्यात भिजवून टाकलेली. बादलीजवळ बाई राखाडी रुंद प्यांट हातात घेऊन उभ्या. “नाडी सैल केली की कुनालाबी बसते,” म्हणाल्या. “नाडीला काय कळतं बाई का बाप्या?”

मला हसू येत होतं. बापू घोट्याच्या वर येणारी ती प्यांट आणि बाईंचा पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घालून गाडीत माझ्याशेजारी बसले, बाहेर बघत. मी मनात म्हणत होते, आज वारं असू दे. आज फक्त मला चक्कर येऊ नये. आज मी बसले जरी खाली, तरी संध्याकाळी बॅग भरावी लागेल.

शेत दोन भावांचं होतं. दोघं दोन टोकांना उभे. आम्ही आठला सुरुवात केली. बापू माझ्या दहा पावलं मागे चालत होते आणि त्यांची नजर शेतावर नव्हती, माझ्या पायांवर होती. ऊन चढलं. ढेकळं तापली. मी थांबून ओढणी भिजवली की ते थांबायचे. मी पाणी प्यायले की ते घोट मोजल्यासारखे बघायचे. बारा वाजून गेल्यावर एकदा जवळ आले. “डोळ्यापुढं काय येऊन राहिलं का?”

“न्हाई बापू. तुमच्या?”

त्यांनी जरा विचार केला. “न्हाई,” म्हणाले. मग थोडं नवल वाटल्यासारखं, “पायाला वारं लागून राहिलं.”

दोनच्या सुमाराला शेवटची खूण आली. ती धाकट्याच्या नांगरटीत चार हात आत निघाली. धाकटा तडतडत आला, थोरला त्याच्या मागून. आणि दोघंही माझ्याकडे न येता सरळ बापूंसमोर जाऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, राखाडी प्यांट, पिकलेले केस, दिवसभर काही न बोलता देखरेख करणारा माणूस. ते बापूंनाच मोठे साहेब समजले होते.

“साहेब, तुमीच सांगा,” धाकटा म्हणाला, “हे बराबर हाय का?”

बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काठी धरून उभी होते, घामानं भिजलेली, पण उभी.

“मी न्हाई साहेब,” बापू म्हणाले. “साहेब ती हाय. मी तिचा बाप.”

धाकट्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला यंत्रावरचे आकडे आणि जुना नकाशा दाखवला, थोरल्यालाही दाखवला. दगड तिथेच रोवला गेला. दोघांनी सह्या केल्या.

परत येताना बापू बाजारात उतरले. तू पुढं हो, म्हणाले. मला वाटलं, उद्याच्या गाडीची वेळ विचारायला गेले असतील. मी घरी आले, हातपाय धुतले आणि खाटेवर बसून राहिले. दिवेलागणीला बापू आले. हातात खाकी कागदाचा पुडा. तो त्यांनी बाईंच्या मांडीवर ठेवला. आत पांढरं सुती कापड होतं.

“बाई, पोरीला एक शर्ट शिवून द्या,” ते म्हणाले. “पूर्ण बाह्यांचा. माझ्याकडून.”

बाईंनी कापड हातात घेतलं, चोळलं, आणि पहिल्यांदाच ते न तपासता माझ्या खांद्याला टेप लावली. सकाळी मशीन चालू झाली तेव्हा बापू शेजारी पाटावर येऊन बसले आणि शर्ट पुरा होईपर्यंत उठले नाहीत. बाही लागली, खिसा लागला, काजं झाली. मी तो घातला तर बापू पुढे आले आणि त्यांनी खालून एकेक बटन लावत नेलं. गळ्याचंही लावलं. मग ते तसेच थांबले. त्यांनी गळ्याचं बटन काढलं, त्याच्या खालचंही काढलं, आणि कॉलर दोन्ही हातांनी मोकळी केली.

“हे उघडं ठेवत जा, माय,” म्हणाले. “वारं लागू दे.”

दुपारच्या गाडीनं बापू तांड्यावर गेले. एकटेच.